गेममधला मजकूर मराठीत आणायचा तर आधी ताळा जुळवा

माझ्या आईला संगणकावरचा दुकानदारीचा एक जुना गेम फार आवडतो. माल भरायचा, भाव ठरवायचा, गिऱ्हाईक सांभाळायचं. पण सगळं इंग्रजीत, त्यामुळे दर दोन मिनिटांनी हाक येते, "ह्ये काय लिवलंय रं?" मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. गेमची फाईल उघडली तेव्हा लक्षात आलं की हीसुद्धा एक वहीच आहे. पुढे अनुक्रमणिका, मागे नोंदी.

सगळ्यात आधी गेमचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मग एचएक्सडीसारखा फुकट मिळणारा हेक्स एडिटर, म्हणजे फाईलीतले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्राम, घ्या आणि पडद्यावर दिसणारा एखादा शब्द एकेका फाईलीत शोधा. साध्या अक्षरांत सापडला नाही तर युनिकोडचा पर्याय निवडून पुन्हा शोधा. तरीही नाही मिळाला तर मजकूर बहुधा दाबून किंवा कुलूपबंद करून ठेवलेला आहे. पहिल्याच प्रयत्नाला असला गेम घेऊ नका.

मी 'स्टार्ट' शोधला. इंग्रजी पाच अक्षरांचे पाच बाइट (बाइट म्हणजे फाईलीतलं एक घर) दिसले: ५३ ७४ ६१ ७२ ७४, आणि शेवटी ००. ते शून्य म्हणजे नोंद संपल्याची खूण. आता फाईलीच्या अगदी सुरुवातीला या. तिथे होतं ४० ०१ ०० ००. इथे लहान बाजू आधी लिहितात, म्हणून उलटं वाचायचं: हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, १४०, आपल्या नेहमीच्या मोजणीत ३२०. पुढचे चार बाइट ०४ ०५ ०० ००, म्हणजे हेक्स ५०४, आपले १२८४.

३२० हा नोंदींचा आकडा असावा, असा माझा अंदाज. प्रत्येक नोंदीचा पत्ता, म्हणजे ती फाईलीत कितव्या बाइटापासून सुरू होते तो आकडा, चार बाइटांचा धरला तर ३२० गुणिले ४ म्हणजे १२८०, त्यात सुरुवातीचे ४ मिळवले की १२८४. अनुक्रमणिका जिथे संपते तिथेच पहिली नोंद सुरू होते! दुसरा पत्ता निघाला १२९०, सहाने पुढे: पाच अक्षरं आणि एक शून्य. असा ताळा दोन ठिकाणी जुळल्याशिवाय अंदाजावर विश्वास ठेवू नका.

मग पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन छोट्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) लिहा. एक नोंदी काढून साध्या मजकूर फाईलीत ओळीने लिहिते, दुसरी त्या ओळींवरून गेमची फाईल पुन्हा बांधते. एकही अक्षर न बदलता काढा, बांधा आणि मूळ फाईलीशी बाइट-बाइट ताडून बघा. विंडोजमध्ये एफसी कमांडला '/बी' जोडलं की हे काम होतं. माझ्या पहिल्या खेपेला ३२० च्या ३२७ ओळी झाल्या. सात नोंदींच्या पोटातच नवी ओळ होती आणि माझ्या फाईलीत त्या तुटून दोन-दोन झाल्या होत्या. तेव्हापासून काढताना तिथे '[ओळ]' अशी खूण घालतो आणि बांधताना ती परत बदलतो.

हेक्स एडिटरमध्ये थेट जुन्या शब्दावर मराठी लिहू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं; काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं धरून. 'सुरू करा' शेवटच्या शून्यासकट २३ बाइट होतं. 'स्टार्ट'ला जागा सहाची, म्हणजे मागचे सगळे पत्ते १७ ने सरकतात. हे काम बांधणाऱ्या स्क्रिप्टनेच करायचं.

सगळं भाषांतर करण्याआधी एकाच नोंदीत 'विद्यार्थी' लिहून गेम चालवा. ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षर, रफार, सगळं त्यात आहे. चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही किंवा गेम यूटीएफ-८ वाचत नाही. वेलांटी 'व'च्या उजवीकडे पडली किंवा 'द' आणि 'य' सुटे दिसले तर अक्षरं जुळवण्याची सोयच गेममध्ये नाही, आणि ते निस्तरल्याशिवाय पुढच्या ३१९ नोंदी लिहिण्यात अर्थ नाही.

टक्क्याच्या चिन्हापुढे एस किंवा डी दिसलं तर हात लावू नका. तिथे गेम नाव किंवा आकडा भरतो. बहुतेक जुन्या गेममध्ये त्यांचा क्रमही तोच ठेवावा लागतो, नाहीतर गेम बंद पडतो. खरी अडचण मात्र आपल्या सामान्यरूपाची आहे. भरलेल्या नावाला 'ला' चिकटवला की पडद्यावर 'घोडाला चारा द्या' येतं. कुणीही मराठी माणूस असं बोलत नाही. म्हणून अशा जागी नाव प्रथमेतच राहील अशी वाक्यं मी रचली: 'घोडा भुकेला आहे. चारा द्या.' या चाळीसेक वाक्यांना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा.

दुसऱ्यांना द्यायचं असेल तर गेमच्या फाईली वाटू नका. स्क्रिप्ट आणि स्वतःचं भाषांतर तेवढं द्या.

परवा आई खेळायला बसली. पाचच मिनिटांत म्हणाली, "गिऱ्हाईकाला ग्राहक कोण म्हणतं रं?" मजकूर फाईलीत चौदा ठिकाणी शब्द बदलला, स्क्रिप्ट चालवली. तिचा चहा संपायच्या आत गेम पुन्हा सुरू झाला.