पत्र्याच्या खोलीच्या भिंतीला फोम बोर्ड बसवताना

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे गच्चीवर चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारून त्याला बाहेरून पत्रा लावलेल्या खोलीत मे महिन्यातल्या दुपारी बसवत नाही. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दुपारची उष्णता स्वतःत साठवते आणि उशिरा आत सोडते. पत्र्याला ती सोय नाही, म्हणून उष्णता अडवणारा थर वेगळा द्यावा लागतो.

मात्र छताचे काम आधी झालेले असावे. साधारण २१ अंश अक्षांशावरच्या या पट्ट्यात मेअखेरीस भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. छताचा पत्रा उघडा ठेवून भिंतींवर खर्च करणे मला पटत नाही. भिंतींपैकी पहिला मान पश्चिमेचा. दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन जवळजवळ पडतच नाही.

बोर्ड ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलसारखाच पॉलिस्टायरीनचा पण अधिक घट्ट फोम, घ्यावा. थर्माकोल घ्यायचाच तर जास्त घनतेचा घ्यावा. दोन्ही साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास नरम पडू लागतात आणि उन्हातला गडद पत्रा बराच तापतो, म्हणून बोर्ड थेट पत्र्याला चिकटवू नये.

आता मुख्य मुद्दा. पाइपांच्या मधल्या खणांत तुकडे कोंबून बसवणे सोपे वाटते, परंतु लोखंड फोमच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे उघडा राहिलेला प्रत्येक पाइप उष्णतेची वाट बनतो. म्हणून बोर्ड पाइपांच्या आतल्या अंगावरून सलग बसवावेत; पाइपाच्या जाडीएवढी पोकळी पत्रा आणि फोम यांच्यामध्ये आपोआप राहते. तिला खाली व वर वाट ठेवली तर तापलेली हवा निघून जाते, पण त्या वाटांना बारीक जाळी हवीच, कारण मुंग्या आणि उंदीर फोम पोखरतात.

वायरिंग आधी नळीतून करून घ्यावे; पीव्हीसीची वायर पॉलिस्टायरीनला सतत चिकटून राहिली तर तिचे आवरण कालांतराने कडक होते. पाइपांच्या जागा जमिनीवर आणि वर पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात, नाहीतर बोर्डाआड त्या सापडत नाहीत. बोर्डावर धारदार सुरीने खोल रेघ मारून तो पट्टीवर मोडला की काठ सरळ येतो. वरच्या ओळीचे सांधे खालच्या सांध्यांच्या रेषेत येऊ देऊ नयेत. मोठ्या वॉशरचे मोजके सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारे) स्क्रू लावून बोर्ड टेकवावेत, फटी फोम स्प्रेने भराव्यात आणि सांध्यांवर ॲल्युमिनियम टेप लावावी. खोलीतली ओलसर हवा फटीतून थंडीच्या रात्री गार पत्र्यापर्यंत गेली, तर तिथे पाणी धरते आणि गंज चढतो. सॉल्व्हंट असलेला साधा चिकटा वापरू नये, तो फोम विरघळवतो.

फोम उघडा ठेवणे धोक्याचे आहे. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यावर १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड लावावा आणि त्यासाठी पाइपात घट्ट बसतील असे ७५ मिलिमीटरचे स्क्रू घ्यावेत. कूलरसमोरच्या भागात जिप्समऐवजी सिमेंट बोर्ड बरा.