साखरपुड्याच्या फोटोंसाठी कपडे कसे निवडावेत

साखरपुड्याची तारीख ठरली की घरात लगेच खरेदीचे बेत सुरू होतात. फोटोंसाठी मात्र कपड्यांचा विचार थोडा उशिरा करावा. कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी फोटो काढायचे हे आधी पक्के करावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी, कारण दुकानातल्या दिव्याखाली पाहिलेला रंग आणि नाशिकच्या गोदाघाटावरच्या सकाळच्या उन्हातला रंग यांत पुष्कळदा मोठा फरक पडतो. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आम्ही अबोली रंगाची साडी रात्री आठ वाजता, पिवळ्या उजेडात पसंत केली होती. दुसऱ्या दिवशी अंगणात उलगडली तेव्हा ती फिकट गुलाबी निघाली आणि बहिणीच्या गव्हाळ वर्णाशेजारी अगदी निस्तेज दिसू लागली. साडीत काही खोट नव्हती. आमची पाहण्याची वेळ चुकली होती. म्हणून कपडा शक्यतो दिवसा पाहावा, दुकानदाराला विनंती करून दारापर्यंत आणावा आणि चेहऱ्याजवळ धरून तिथेच मोबाइलवर एक फोटो काढून पाहावा.

जागा ठरली की अर्धे रंग आपोआप बाद होतात. नाशिकमध्ये बहुतेक जोडपी आधी गोदाघाटाचा विचार करतात. तिथे आणि काळाराम मंदिर किंवा नारोशंकराचे देऊळ यांच्या आसपास पार्श्वभूमी काळ्या पाषाणाची असते. अशा दगडापुढे वांगी, गडद निळा, बाटलीसारखा हिरवा हे रंग विरून जातात आणि फोटोत फक्त चेहरे व हात तरंगल्यासारखे दिसतात. शुभप्रसंगी काळे नको, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात; घाटावर तर फोटोच्या दृष्टीनेही त्यांचेच म्हणणे खरे ठरते. हळदीसारखा पिवळा, राणी, डाळिंबी, मोतिया हे रंग या दगडावर उठून दिसतात. स्वच्छ पांढरा मात्र टाळावा, कारण उन्हात त्यातले विणकाम आणि चुण्या कॅमेऱ्यात टिकत नाहीत आणि कपड्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो. पांढऱ्याची आवड असेल तर मोतिया किंवा सायीसारखा रंग घ्यावा. पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायांना पाणी लागले की घाटावरचा बेत सोडूनच द्यावा आणि पाणी ओसरल्यावरही निसरड्या पायऱ्यांवर उंच टाचांच्या चपला घालू नयेत.

द्राक्षबागेतले फोटो हल्ली फार आवडीने काढले जातात, आणि ते सुंदर येतातही. पण बागेचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी यांनंतर काही आठवडे वेली उघड्या असतात, म्हणून तारीख धरण्यापूर्वी बागायतदाराला बागेची स्थिती विचारावी आणि परवानगीही तेव्हाच घ्यावी. वेलींच्या मांडवाखाली येणारा उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे फिकट कपड्यावर आणि चेहऱ्यावर हिरवट झाक चढते. तिथे पांढऱ्या किंवा फिकट निळ्या कपड्यांऐवजी केशरी, विटकरी, गडद गुलाबी असे उबदार रंग चांगले टिकतात. हिरवी साडी बागेत पानांतच मिसळून जाते. आणखी एक गोष्ट शहरातल्या मुलामुलींना सहसा ठाऊक नसते. मोरचूद आणि चुना यांपासून केलेले बोर्डो मिश्रण फवारले असेल तर पानांवर निळसर डाग असतात आणि ते रेशमाला सहज लागतात. फवारणीनंतर किती दिवसांनी बागेत यावे हे मालकालाच विचारावे. कपड्यांपेक्षाही आपल्या त्वचेसाठी ते आवश्यक आहे. मांडवाच्या तारांत केस, ओढणी आणि जाळीचे कापड अडकते, म्हणून तिथे अंगाबरोबर राहणारा कपडा घालावा.

गंगापूर धरणाच्या काठावर वारा असतो. तिथे जॉर्जेट किंवा शिफॉन छान उडते, पण पदर खांद्यावर दोन ठिकाणी पिनेने पक्का करावा. पांडवलेण्यांसाठी त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे जड घागरा नेऊ नये. ही २४ लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. मोठा कॅमेरा आणि तिपाई न्यायची असेल तर परवानगीची चौकशी आधीच करावी.

यानंतर वेळ ठरवावी. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास हे दोन्ही कपड्याला आणि चेहऱ्याला मानवतात. नाशिकमध्ये डिसेंबरात सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर मे महिन्यात सातच्या सुमारास. साडी नेसणे, केस आणि मेकअप यांना दोन तास लागतात असे धरून मागे हिशेब करावा. उन्हाळ्यात फिकट राखाडी आणि आकाशी रंगांवर काखेतला घाम चटकन दिसतो, ही बाब ब्लाउज आणि कुर्ता शिवायला टाकतानाच ध्यानात ठेवावी.

आता मुख्य निवड, म्हणजे दोघांचे कपडे एकमेकांशी कसे जुळवावेत. दोघांनी अगदी एकाच रंगाचे कपडे घालण्याची पद्धत मला पटत नाही. शेजारी उभे राहिल्यावर दोघांच्या कपड्यांचा मिळून एकच मोठा पट्टा दिसतो आणि नजर चेहऱ्यांवर ठरत नाही. एकाच्या कपड्यावर नक्षी असावी, दुसऱ्याचा साधा असावा, आणि साध्या कपड्याचा रंग नक्षीच्या कपड्यातल्या एखाद्या लहान रंगातून उचलावा. हिरव्या साडीला राणी काठ असेल तर मुलाने मोतिया कुर्ता आणि काठाच्या राणीपेक्षा थोडे मंद रंगाचे जाकीट घालावे. बारीक चौकडी आणि अगदी जवळजवळच्या रेघा टाळाव्यात, कारण कॅमेऱ्यात त्यांवर लहरींसारखे विचित्र पट्टे उमटतात. चमकदार पोपटी किंवा भडक केशरी कापडाची झाक हनुवटीखाली पडते, तेही सांभाळावे. एक साधी परीक्षा आहे: दोघांचे कपडे सकाळी खिडकीजवळच्या पलंगावर शेजारी पसरून मोबाइलवर फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. दोन्ही कपडे एकाच करड्या छटेचे दिसले तर त्यांतला एक बदलावा.

पैठणी नेसायची असेल तर नाशिककरांचे भाग्य असे की येवला सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि तिथे मागावर विणकाम चाललेले पाहून साडी निवडता येते. धूपछाव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, म्हणून तीच साडी एका निरीतून जांभळी आणि दुसरीतून लाल भासते. अशा साडीशी मुलाचा कुर्ता जुळवताना अंगाच्या रंगामागे लागू नये. काठाचा रंग स्थिर असतो, तोच धरावा. पदरावरचे मोर किंवा आसावली, म्हणजे फुलांची वेलबुट्टी, हेच या साडीचे वैभव, पण पिनांनी बारीक चुण्या घालून पदर खांद्यावर बसवला की ते सगळे झाकले जाते. निदान काही फोटोंसाठी पदर मोकळा सोडून डाव्या हातावर पसरू द्यावा आणि फोटोग्राफरला त्या बाजूने उभे राहायला सांगावे. भर दुपारच्या उन्हात आणि समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये जरीचे काम पांढरे फटफटीत दिसते, म्हणून सावलीतली जागा पाहावी.

आईची किंवा आजीची पैठणी मिळत असेल तर माझ्या मते नवी घेण्याची गरज नाही. फक्त ती आठवडाभर आधी उलगडून उजेडासमोर धरावी. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीच्या रेषेवर विरलेले असते आणि नेसताना तिथेच फाटते. अशी रेष निऱ्यांत लपेल अशा बेताने साडी नेसावी. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, मंद आचेवर करावी. सासरकडून आलेली साडी साखरपुड्याच्या विधीत नेसायची असते आणि तिचा रंग आपल्या हातात नसतो; म्हणून विधीच्या फोटोंचा आणि बाहेर जाऊन काढायच्या फोटोंचा विचार वेगळा ठेवावा, म्हणजे कोणाचे मन दुखावत नाही.

मुलांच्या कपड्यांकडे घरात फारसे कोणी पाहत नाही. कुर्त्याच्या खिशातला मोबाइल आणि पाकीट फोटोत फुगवट्यासारखे दिसतात, फिकट कुर्त्यातून बनियनची कड दिसते आणि खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल तर महागाचा कुर्ताही उसना वाटतो. शिवण आधी शिंप्याकडून ठीक करून घ्यावी. लिननला गाडीत बसल्या बसल्या सुरकुत्या पडतात, म्हणून जाकीट हँगरवर न्यावे. कोल्हापुरी चपला नव्या असतील तर चार दिवस आधीपासून घरात वापराव्यात.

दोनपेक्षा जास्त पोशाख ठेवू नयेत. घाटावर कपडे बदलायला आडोसा नसतो. घाटाजवळच पंचवटीत कोणी नातेवाईक असतील तर त्यांना आधी सांगून ठेवावे. जड साडी पहिल्यांदा नेसावी, कारण तेव्हा इस्त्री ताजी असते आणि केसही बसलेले असतात.

दोन दिवस आधी पूर्ण पोशाख, दागिने आणि चपलांसह दोघांनी एकदा घालून पाहावा. जमिनीवर बसावे, जिना उतरावा, हात वर करावे, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवावा. ब्लाउजची पट्टी बाहेर येत असेल किंवा निऱ्या पायात येत असतील तर ते याच वेळी कळते. बरोबरच्या पिशवीत पिना, त्याच रंगाचा दोरा ओवलेली सुई, कोरडा रुमाल आणि घाटाच्या पायरीवर बसण्यापूर्वी पसरायला एक जुना पंचा ठेवावा. बसल्यावर त्याच्या कडा साडीखाली सरकवून टाकाव्यात, म्हणजे तो फोटोत दिसत नाही.