शहाबादी फरशी: निवडावी कशी, बसवावी कशी, जपावी कशी

महाराष्ट्रात काळ्या पाषाणाला तोटा नाही, पण त्याच्या पातळ, सपाट लाद्या सुटत नाहीत. म्हणून वाड्यांच्या पडवीत आणि चाळींच्या मोरीत फरशी आली ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, शहाबादच्या खाणींतून. हा चुनखडक. उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर साचला, मधेमधे मातीचा पातळ पापुद्रा बसला आणि वरच्या भाराने सगळं आवळून दगड झालं. यात शंख-शिंपले शोधू नका. कवचधारी प्राणी येण्याआधीचा हा थर आहे. खाणीत पहार लावली की दगड त्या मातीच्या पापुद्र्यावरच सुटतो. गुण तोच आणि दोषही तोच.

वखारीत निवडताना

फरशी उभी धरून हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा थर सुटलाय. मग पाणी ओता आणि सुकू द्या. बाकीचा दगड कोरडा झाल्यावरही एखादी ओली रेघ मागे राहिली तर ती भेग समजा. करवतीच्या दातांसारख्या काळपट नागमोडी रेषा दिसतात, त्या मात्र भेगा नव्हेत. भाराखाली चुना विरघळून मागे उरलेली ती माती. घरात चालतात, पण जाड आणि नखाने उकरता येणाऱ्या असतील, तर गच्चीवर किंवा अंगणात त्या जागी पापुद्रे सुटतात.

एक इंच जाडीची 2 बाय 2 फुटांची फरशी साधारण 25 किलो भरते. जाडीत दोन सुतांहून (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक असलेल्या फरश्या घेऊ नका, नाहीतर गवंड्याचा अर्धा वेळ खालचा माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, कमी-जास्त करण्यातच जाईल. 10 बाय 10 च्या खोलीला 25 फरश्या लागतात. तूटफूट धरून 27 आणा.

बसवताना

1. कोबा झाडून आदल्या दिवशी भिजवा. फरश्याही पाण्यात भिजवून निथळू द्या. कोरडा दगड मालातलं पाणी शोषतो, सिमेंट कच्चं राहतं आणि वर्षभरात फरशी हलू लागते.

2. दोरी आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून आधी कोरडीच मांडणी करा. कापलेले तुकडे दाराशी नकोत, कपाटाखाली जाऊ द्यात.

3. एकास सहा प्रमाणात सिमेंट-वाळूचा दीड इंच थर टाका. माल मुठीत दाबला तर लाडू वळावा, पाणी सुटू नये. या खोलीला सुमारे 2 गोण्या सिमेंट आणि 14 घनफूट वाळू लागेल. शिवाय फरशीखाली पसरायच्या सिमेंट-पाण्याच्या पातळ घोळासाठी जवळजवळ एक गोणी.

4. फरशी ठेवून रबरी हातोड्याने ठोका, पाणसळीने सपाटी बघा, मग उचला. खाली जिथे ठसा उमटलेला नाही तिथे पोकळी आहे, माल भरा. हा टप्पा गवंडी हमखास गाळतो. आता सिमेंटचा घोळ पसरून फरशी कायमची बसवा. मशीनकट फरशीत सांधे दोन-तीन मिलिमीटरचे पुरतात. मोरीत जाळीकडे फुटाला एक ते दोन सूत उतार द्या.

5. दुसऱ्या दिवशी सांधे भरा आणि सात दिवस पाणी मारा. जड सामान त्यानंतरच.

घासाईला दोन आठवडे थांबा. 60 नंबरच्या बट्टीने (घासायच्या दगडाने) सुरुवात करून 120, मग 320.

ऍसिडला नाही म्हणा

काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला कुणीतरी ‘ऍसिड मारून देतो’ म्हणेलच. मारू देऊ नका. टाकाऊ तुकड्यावर लिंबू पिळून जवळून बघा: बारीक बुडबुडे उठतात आणि पुसल्यावर तिथे खडबडीत, फिकट ठिपका उरतो. आम्लाने चुना विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे हे बुडबुडे. संडासचं ऍसिड हेच शंभरपट जोरात करतं. सिमेंटचे डाग ओले असतानाच पुसा. वाळले तर लाकडी पट्टीने खरवडा. पॉलिशवाला शेवटी चिमूटभर ऑक्झॅलिक ऍसिडची पूड वापरतो ते वेगळं: तिने दगडावर न विरघळणारा पातळ थर तयार होतो. पण ते काम त्याच्याच हातचं.

रोज पुसायला साधं पाणी, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. स्वयंपाकघरात चिंच, कोकम, ताक सांडलं तर लगेच टिपा. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर आणि साबणपाण्याचा जाड लेप रात्रभर ठेवा, सकाळी खरवडा. सांध्यांतून पांढरी पूड वर येत असेल तर तो खालच्या ओलीने आणलेला क्षार आहे. कोरड्या ब्रशने झाडा आणि गळती शोधा. ओल असताना वर सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा लेप) मारला तर क्षार दगडाच्या आतच साठतो आणि वरचा पापुद्रा उचलतो. लिंबाने मंद झालेला डाग कोणत्याही लिक्विडने जात नाही. तेवढ्या भागावर पाणी टाकून 220 आणि मग 320 नंबरची बट्टी हाताने फिरवा.