पांढरा पट्टा सगळ्यात शेवटी: जुन्या गाडीला व्हाइटवॉल घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात दसऱ्याला सोनं लुटायला दसरा चौकात गर्दी होते, त्यातले माझ्यासारखे काहीजण खरं तर मेबॅक बघायला गेलेले असतात. छत्रपती घराण्याची ती जुनी मोटार समोरून गेली की जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. माझ्याकडं १९६७ ची फियाट डिलाइट आहे. घरी पोचायच्या आत मी ठरवून टाकलं, हिला पांढऱ्या पट्ट्याचे टायर, म्हणजे व्हाइटवॉल, घालायचे. पुढच्या रविवारी घातलेसुद्धा. म्हणजे टायर नव्हेत, रिंगा. टायर आणि डिस्क (चाकाचा पत्र्याचा भाग) यांच्या मध्ये दाबून बसवायच्या चार पांढऱ्या रबरी चकत्या. रंकाळ्यावर दोन चकरा मारल्या, लोकांनी वळून बघितलं, छाती फुगली.

त्याच्या पुढच्या रविवारी सहकुटुंब पन्हाळ्याला निघालो. केर्ली मागं पडलं आणि पुढच्या डाव्या चाकातून फडफड ऐकू यायला लागली, सुटलेला पत्रा वाऱ्यावर वाजावा तशी. वाघबिळाच्या चढाला ती इतकी वाढली की उतरावंच लागलं. रिंगेची कड बाहेर येऊन टायरच्या अंगावर आपटत होती. पंक्चरवाल्या मामांनी चाक खोललं, रिंग ओढून काढली आणि टायरवर बोट फिरवून दाखवलं. रिंगेखाली अडकलेल्या वाळूनं टायरची बाजू गोल घासून निघाली होती, एका ठिकाणी आतले धागे दिसत होते.

"दादा, गाडी एवढी चांगली हाय की. हे कशाला घातलासा?"

टायर दीड महिन्याचा होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी माप, मग बांधणी, मग वजन झेलायची ताकद, मग बनवल्याची तारीख. हे सगळं जुळलं की मग पट्टा किती रुंद ते बघायचं. आपण नेमकं उलटं करतो. फोटोतला पट्टा आवडतो आणि मग तो टायर गाडीला कसा बसवायचा याची खटपट सुरू होते.

रिंगा: उभ्या गाडीला ठीक

रिंगांची कल्पना जुनीच आहे आणि जाड, कडक बाजूच्या नायलॉन टायरवर (जुनी, तिरप्या धाग्यांची बांधणी), सावकाश चालवणाऱ्याला त्या बऱ्यापैकी टिकतात. रेडियल टायरची गोष्ट वेगळी. त्याची बाजू पातळ आणि लवचीक असते, प्रत्येक फेऱ्यात जमिनीपाशी ती फुगते आणि वर गेली की पूर्ववत होते. ही हालचाल रिंगेखाली चालू राहते आणि मध्ये शिरलेली वाळू पॉलिश पेपरचं काम करते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तिथं तांबडी माती आणि पाणी साठून राहतं, वरून काहीच दिसत नाही. रॅलीत उभी करायच्या गाडीला घाला, माझी हरकत नाही. घाटात नको.

माप न समजून घेता "चौदाचा द्या" म्हणणं

माझ्या फियाटचं मूळ माप ५.२०-१४, मार्क टू ॲम्बेसेडरचं ५.९०-१५. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा डिस्कचा व्यास. उंचीचा आकडा लिहिलेलाच नाही, कारण त्या काळात टायर जवळजवळ रुंद तितकाच उंच असायचा. आजच्या मापात उंची टक्क्यात लिहितात, आणि घोळ तिथंच होतो.

हिशेब कागदावर करून बघा. १५५/८० आर १४ मधला आर म्हणजे रेडियल, रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १२४. वरची आणि खालची मिळून २४८. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की उभा व्यास ६०३.६ मिलिमीटर. हे ५.२०-१४ च्या अगदी जवळ जातं. आता दुकानदार म्हणाला, "१६५/६० आर १४ घ्या, स्टॉकमध्ये आहे, दिसायला दणकट." त्याची बाजू फक्त ९९ मिलिमीटर, व्यास ५५३.६. चाक पाच सेंटिमीटरनं बुटकं झालं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ५५ च्या आसपास असेल, इंजिन विनाकारण ओरडेल, आणि गतिरोधकावर सायलेन्सर घासेल ते वेगळंच. आपल्या गावातले गतिरोधक कुठल्या मापानं बांधतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पट्ट्याचाही संबंध इथंच येतो. अडीच इंची पट्टा म्हणजे ६३ मिलिमीटर. १२४ च्या बाजूवर तो बसला तर वर-खाली काळं रबर शिल्लक राहतं आणि डोळ्याला बरं वाटतं. ९९ च्या बाजूवर तोच पट्टा बसवला तर चाक बैलगाडीच्या खेळण्यासारखं दिसतं. रुंद पट्टा हवा असेल तर उंच टायरच लागतो, याला दुसरा मार्ग नाही.

नवं माप घेताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मडगार्डला घासतंय का तेही बघा, आणि तेसुद्धा मागं तीन माणसं बसवून. रिकाम्या गाडीत सगळंच बसतं. मापापुढं लिहिलेला वजनाचा आकडाही वाचा. ८० म्हणजे एका टायरवर ४५० किलो, ८६ म्हणजे ५३०. मागं पाट्यांची स्प्रिंग असलेली ॲम्बेसेडर, आत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान, तिथं हा आकडा कागदापुरता राहत नाही.

साठ सालच्या गाडीला चाळीस सालचा पट्टा

कच्चं रबर मुळात फिकट रंगाचं असतं, त्यात झिंक ऑक्साइड घातलं की आणखी पांढरं. १९१० च्या दशकात त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक घालायला लागले तेव्हा टायर कितीतरी जास्त टिकायला लागला. आधी ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घातली, बाजू पांढऱ्याच राहिल्या. आपण आज ज्याला शान म्हणतो तो असा काटकसरीतून आलेला पट्टा आहे. पुढं १९३४ मध्ये फोर्डनं तो जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली आणि तो श्रीमंती दाखवायची वस्तू झाला. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमवर एक इंचाचा बारीक पट्टा आला, आणि १९६२ पर्यंत अमेरिकेत रुंद पट्टा जवळजवळ हद्दपार झाला.

म्हणून गाडीचं साल बघा. चाळीस-पन्नासच्या शेवरले, डॉज, प्लिमथला तीन इंचांच्या आसपासचा रुंद पट्टा शोभतो. १९६४ नंतरच्या फियाटला किंवा मार्क टूला मी एक इंच किंवा त्याहून बारीकच घालीन. हा माझ्या डोळ्याचा कौल झाला, कायदा नव्हे. जुनी गाडी बदलून वेगवान हॉट रॉड बनवणाऱ्याला सगळं माफ, तिथं पुढं बारीक आणि मागं जाड टायर घालायचीच पद्धत आहे. फक्त पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांची रुंदी एकमेकांना साजेशी निवडा. टायर वेगवेगळे घेताना हे हमखास राहून जातं आणि गाडी दोन जणांच्या चपला घातल्यासारखी दिसते.

नायलॉन की रेडियल

यावर गॅरेजमध्ये तासभर वाद होतो. नायलॉन दिसायला अस्सल, बाजू सरळ आणि भरीव. पण रात्रभर उभी राहिली की टायर खाली चपटा होतो आणि सकाळी पहिला किलोमीटरभर धडधड, शिवाय रस्त्यावर पडलेल्या रेघांमागं स्टिअरिंग आपणहून पळतं. रेडियल पावसात चांगला धरतो आणि हायवेला सरळ चालतो, मात्र जागेवर वळवताना स्टिअरिंग जड होतं. गाडी चालवायची असेल तर रेडियल, असं माझं मत.

चूक होते ती मिसळ करण्यात. एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एक नायलॉन आणि एक रेडियल कधीही नको. दोनच रेडियल परवडत असतील तर ते मागं. आणि रेडियलमध्ये रेडियलसाठीचीच ट्यूब घाला. जुन्या डिस्कवर ट्यूब काढून ट्यूबलेस करायचा मोह टाळा, कारण ट्यूबलेस टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा बऱ्याच जुन्या डिस्कना नसतो, आणि तारांच्या चाकातून तर हवा निघूनच जाते. ट्यूब घालण्याआधी डिस्कच्या आतला गंज घासून साफ करा, नाहीतर महिन्याला पंक्चर ठरलेलं.

रंगवून किंवा घासून पांढरा करणं

ऑइल पेंटचा पट्टा आठवड्यात तडकतो, कारण टायर हलतो आणि रंग हलत नाही. वर त्यातलं थिनर रबराला खातं. याहून भारी उद्योग म्हणजे काळा टायर मशीनवर घासून खाच पाडायची आणि त्यात पांढरं रबर चिकटवायचं. आमच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, घासून मिळत नाही अशी वस्तू नाही, सांगाल ते करून देतील. परदेशात काही कंपन्या रीतसर उष्णता आणि दाब देऊन हे काम करतात, ते वेगळं. आपण रेडियलची आधीच पातळ असलेली बाजू अंदाजानं घासतो आणि आत धाग्यांचा बहुधा एकच थर असतो.

मग परदेशातून मागवावेत का? २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं नवीन टायरची आयात निर्बंधित केली, शिवाय बाहेरून येणाऱ्या टायरलाही आयएसआय मार्क लागतो. पैसे भरायच्या आत कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाला आजचा नियम विचारून घ्या.

नक्षी बघून खूश होणं

२०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली, नंबरात व्हीए अक्षरं असतात. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे हे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. नक्षी नव्यासारखी असली तरी आतलं रबर वाळलेलं असतं. टायरवर शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो २००० च्या आधीचा आहे, कितीही स्वस्त असला तरी घरी आणू नका. सहा वर्षांनंतर दरवर्षी बाजूच्या भेगा तपासा, दहाव्या वर्षी बदलाच.

पट्टा पिवळा पडला, आता काय

नवीन व्हाइटवॉलवर निळसर थर असतो, तो बघून दुकानदाराशी भांडू नका. पांढऱ्याला डाग लागू नयेत म्हणून तो लावलेला असतो. बसवल्यावर कोमट पाणी आणि मऊ ब्रशनं लगेच धुऊन टाका, उन्हात वाळत ठेवलात तर निघता निघत नाही.

नंतरच्या पिवळेपणाचा पहिला संशयित म्हणजे टायर चमकवायचं तेलकट पॉलिश. सर्व्हिसिंगवाला पोरगा न विचारता मारतो. काळ्यावर ते चकाकतं आणि पांढऱ्यात मुरतं. गाडी धुवायला टाकताना आधी सांगून ठेवायचं. पॉलिश कधीच लावलं नसेल तर काळं रबर कोरडं पडू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं सरकून पांढऱ्यात उतरलेली असतात. मग भांडी घासायचा साबण आणि जुना दाताचा ब्रश, गोल गोल, दर पंधरा दिवसांनी. हट्टी डागाला बारीक पॉलिश पेपर पाणी लावून, हलक्या हातानं, वर्षातून एखाद्या वेळी. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी काळं रबर विरघळून पांढऱ्यावर पसरतं. मी रॉकेल लावून पाहिलंय, पट्टा राखाडी झाला तो झालाच.

खाली टेकतो तिथं पट्टा फुगलेला दिसतो म्हणूनही लोक घाबरतात. रेडियलचं पोट थोडं सुटलेलंच असतं, पांढऱ्यामुळं ते जास्त नजरेत भरतं. डोळ्यानं अंदाज घेऊन हवा वाढवली तर मध्यभागच झिजेल. थंड टायरला गेज लावा आणि नायलॉनसाठी छापलेला पुस्तकातला पौंडाचा आकडा रेडियलला जसाच्या तसा वापरू नका, टायर देणाऱ्याकडून तुमच्या गाडीच्या वजनासाठी विचारून घ्या.

आणि टायर पाच मोजा. चारच घेतले की डिकीत जुन्या मापाची नायलॉन स्टेपनी राहते आणि पंक्चर झालं की वर सांगितलेली मिसळ आपोआप होते. माझी स्टेपनी त्याच मापाची रेडियल आहे, पण काळी. पाचव्या व्हाइटवॉलचे पैसे वाघबिळातल्या त्या टायरात गेले.