टीके-रिमाइंडच्या कॅलेंडरला मजकूर-संपादक कसा जोडावा

डायान स्कॉल यांनी लिहिलेली ‘रिमाइंड’ ही मुक्त दिनदर्शिका-प्रणाली आपल्या सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवते आणि ‘टीके-रिमाइंड’ हा तिचा जोडीदार प्रोग्रॅम त्याच नोंदी महिन्याच्या चौकटीत मांडून दाखवतो. रिमाइंडला हिब्रू कालगणना येते, आपल्या तिथी मात्र येत नाहीत. त्यामुळे संकष्टी, एकादशी किंवा गणेशचतुर्थी यांच्या तारखा दरवर्षी पंचांग उघडून हातानेच भराव्या लागतात. अशा वेळी चौकटीतल्या नोंदीवर क्लिक करताच फाइलमधली नेमकी तीच ओळ समोर आली, तर बराच त्रास वाचतो. त्यासाठी मजकूर-संपादक (टेक्स्ट एडिटर, म्हणजे फाइलमधला मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम) उघडण्याची आज्ञा एकदाच नीट लिहून द्यावी लागते. (पुढील आज्ञा येथे देवनागरीत उच्चारानुसार दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात.)

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर रिमाइंड आणि टीके-रिमाइंड ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, तेव्हा दोन्ही बसवलेली आहेत ना, हे आधी पाहावे. मग टीके-रिमाइंड सुरू करून ‘ऑप्शन्स’चे बटण दाबावे. उघडलेल्या खिडकीत ‘टेक्स्ट एडिटर’ नावाची एक जागा दिसते. आपली आज्ञा तिथेच लिहायची आहे.

या आज्ञेत दोन खुणा महत्त्वाच्या आहेत. टक्क्याच्या चिन्हापुढे ‘डी’ लिहिला की त्या जागी नोंदीचा ओळ-क्रमांक येतो आणि टक्क्यापुढे ‘एस’ लिहिला की फाइलचे नाव येते. म्हणून जीव्हिम हा संपादक वापरणाऱ्याने ‘जीव्हिम +%डी %एस’ असे लिहावे, ईमॅक्स हा संपादक वापरणाऱ्याने ‘ईमॅक्स +%डी %एस’. अधिकचे चिन्ह आणि टक्के यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नये. ती ‘डी’ आणि पुढच्या टक्क्याच्या मध्येच असावी. समजा, दसऱ्याची नोंद फाइलच्या २१२व्या ओळीवर आहे, तर तिच्यावर क्लिक केल्यावर संपादकाला ‘+२१२’ आणि त्यापुढे फाइलचे नाव एवढेच मिळते आणि कर्सर थेट त्या ओळीवर जाऊन थांबतो. केट या संपादकाची पद्धत थोडी निराळी आहे. तिथे अधिकच्या चिन्हाऐवजी ‘-एल’ लिहून, जागा सोडून ओळ-क्रमांकाची खूण द्यावी.

फाइल तर एकच आहे, मग तिचे नाव थेट लिहून का टाकू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुख्य फाइलमध्ये ‘इन्क्लूड’ ही आज्ञा वापरून सण, वाढदिवस, विजेची बिले अशा वेगवेगळ्या फाइली जोडता येतात, आणि तसे केल्यावर कायमचे लिहिलेले नाव चुकीच्या फाइलमधली २१२वी ओळ उघडून दाखवील.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालणारे व्हिम किंवा नॅनो हे संपादक नुसत्या नावाने लिहून चालत नाही, कारण त्यांना स्वतःची खिडकी नसते. मी पहिल्यांदा तेच केले आणि दहा-बारा वेळा क्लिक करूनही काहीच का दिसत नाही, याचा विचार करत बसलो. अशा संपादकांसाठी ‘एक्सटर्म -ई व्हिम +%डी %एस’ असे, म्हणजे आधी टर्मिनल आणि मग संपादक, या क्रमाने लिहावे.

आज्ञा जपून ठेवण्यापूर्वी खुणांच्या जागी खरा क्रमांक आणि खरी फाइल घालून ती टर्मिनलमध्ये एकदा चालवून पाहावी. तिथे चालली नाही, तर ती कॅलेंडरातूनही चालणार नाही. मग ‘सेव्ह ऑप्शन्स’ दाबावे. ‘अप्लाय’ने केलेला बदल तेवढ्या बैठकीपुरताच राहतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

यानंतर स्वतः फाइलमध्ये लिहिलेल्या एखाद्या नोंदीवर क्लिक करावे, तारीख बदलावी आणि फाइल जपून ठेवावी. मजकूर देवनागरीत असेल, तर संपादक तो यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच साठवतो आहे याची खात्री करावी. फाइलमध्ये ‘टीकेटॅग’ने सुरू होणाऱ्या खुणा दिसल्या, तर त्यांना हात लावू नये, आपल्या खिडकीतून घातलेल्या नोंदी टीके-रिमाइंड त्यांवरूनच ओळखतो. केलेला बदल चौकटीत लगेच उमटला नाही, तर पुढच्या महिन्यावर जाऊन परत यावे.