लघुग्रह आदळण्याची बातमी आली तर: आकडे कसे तपासायचे, आणि आकाशात लखलखाट झालाच तर काय करायचं

२०२५ च्या सुरुवातीला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळू शकतो, अशी बातमी आली. आदळलाच तर तो ज्या पट्ट्यात पडेल, तो पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्यात मुंबईचं नाव आलं आणि घरोघरी चर्चा सुरू झाली. १८ फेब्रुवारीला ही शक्यता ३.१ टक्के होती. सहाच दिवसांनी नासाने ती ०.००४ टक्क्यावर आणली. दोन्ही आकडे आपापल्या दिवशी बरोबरच होते. असं का होतं हे एकदा समजलं की पुढच्या बातमीला घाबरायचं की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

सर्वप्रथम नाव वाचा

नावातच शोधाची तारीख दडलेली असते. सुरुवातीला वर्ष. मग पहिलं अक्षर म्हणजे महिन्याचा पंधरवडा: ‘ए’ म्हणजे १ ते १५ जानेवारी, ‘बी’ म्हणजे १६ ते ३१ जानेवारी, असं करत ‘वाय’ म्हणजे १६ ते ३१ डिसेंबर. ‘आय’ हे अक्षर वापरत नाहीत. दुसरं अक्षर आणि शेवटचा आकडा मिळून त्या पंधरवड्यातला क्रमांक कळतो. अक्षरांची एक फेरी २५ ची. ‘आर४’ म्हणजे चार फेऱ्या पूर्ण, म्हणजे १००, आणि वर ‘आर’ हे सतरावं अक्षर. म्हणजे हा २०२४ च्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातला ११७ वा. तो चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला २७ डिसेंबरला दिसला होता.

याचा उपयोग असा: ‘नुकताच सापडला’ असं बातमीत असेल आणि नाव २००७ किंवा २०११ पासून सुरू होत असेल, तर बातमी लिहिणाऱ्याने धोक्याच्या लघुग्रहांची यादी (ती कुठे असते ते पुढे येईलच) उघडलेलीच नाही. पण शोध खरोखर दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा असेल, तर शक्यतेचा आकडा अजून कच्चा आहे असं समजा. तो बदलणारच.

अंतर चंद्राच्या मापाने मोजा

‘पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार’ या शब्दांना काही अर्थ नाही. किलोमीटरमधल्या आकड्याला ३,८४,४०० ने भागा, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या किती पट ते कळतं. ५० लाख किलोमीटर म्हणजे तेरा पट. खगोलशास्त्रात ‘संभाव्य धोकादायक’ ही पदवी मिळायला दोनच गोष्टी लागतात: कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत यायला हवी, आणि आकार साधारण १४० मीटर किंवा जास्त हवा. कक्षा जवळ येतात म्हणजे टक्कर होते असं नाही. रेल्वेच्या फाटकावर रूळ आणि रस्ता रोजच एकमेकांना छेदतात. अपघात व्हायला गाडी आणि बस एकाच क्षणी तिथे असावी लागते. म्हणून ‘धोकादायक’ हा शब्द वाचून थांबू नका, यादीतली शक्यता बघा.

यादी कुठे आणि कशी वाचायची

नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची ‘सेंट्री’ ही यादी सगळ्यांना खुली आहे. युरोपीय अंतराळ संस्थेची वेगळी यादी आहे, तिचं केंद्र इटलीत फ्रास्काती इथे. दोन्ही ठिकाणी गणित स्वतंत्रपणे होतं, म्हणून दोन्ही बघा. लघुग्रह दोन्हीकडे नसेल तर तिथेच विषय संपला. सेंट्रीमध्ये ‘रिमूव्ह्ड’ नावाची वेगळी यादीही आहे. पूर्वी ज्यांचा धोका दाखवला होता आणि नंतर खोडला, ते लघुग्रह त्यात काढल्याच्या तारखेसह सापडतात. जुन्या अफवा पकडायला यापेक्षा चांगली जागा नाही.

शक्यतेच्या रकान्यात २.८ई-५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ‘ई-५’ म्हणजे दशांशचिन्ह पाच घरं डावीकडे: ०.००००२८, म्हणजे साधारण ३६ हजारांत एक. इथेच लोक हमखास फसतात. उणे चिन्ह नजरेतून सुटतं आणि २.८ टक्के वाचलं जातं. दुसरी चूक: हा आकडा बऱ्याचदा एका दिवसाचा नसून पुढच्या अनेक वर्षांतल्या सगळ्या शक्यतांची बेरीज असतो. नावावर क्लिक केलं की तारखेनुसार फोड मिळते.

शेवटच्या रकान्यात धोका किती हे सांगणारी तोरिनो श्रेणी असते, ० ते १०. शून्य म्हणजे काळजी नाही. १ म्हणजे नेहमीचा प्रकार, पुढच्या निरीक्षणांत बहुधा शून्य होणार. २ ते ४ खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष द्यायचे. ५ पासून पुढे सरकारांनी हालचाल करायची, आणि ८ ते १० म्हणजे टक्कर नक्की. वायआर४ तिसऱ्या पायरीवर गेला होता. चौथ्या पायरीवर आजवर एकच गेलाय: अपोफिस, डिसेंबर २००४ मध्ये, २.७ टक्के शक्यतेसह. तो १३ एप्रिल २०२९ रोजी (आपल्याकडे १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास) पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे दूरसंचार उपग्रहांच्याही आतून जाणार आहे. मात्र तो आदळणार नाही. २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर पुढच्या किमान शंभर वर्षांसाठी त्याची टक्कर नाकारली गेली आहे. २०२९ जवळ येईल तसं हे नाव पुन्हापुन्हा भीतीच्या मथळ्यांत येईल, तेव्हा एवढं ध्यानात असू द्या.

तोरिनोचा रकाना रिकामा दिसला तर गोंधळू नका. ही श्रेणी पुढच्या शंभर वर्षांपुरतीच देतात. बेन्नू या लघुग्रहाची शक्यता २७०० त एक आहे, पण तारीख २४ सप्टेंबर २१८२, म्हणून त्याला श्रेणीच नाही.

शक्यता आधी का वाढते? शर्टाचं बटण घ्या

हे वाचून समजत नाही, करून समजतं. एक मीटर लांबीची कागदाची पट्टी कापा. एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर, तर पट्टी झाली दहा लाख किलोमीटरची. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे या मापात साधारण पावणेतेरा मिलिमीटर: शर्टाचं एक बटण. लघुग्रह त्या दिवशी या पट्टीवर कुठेतरी असेल, नेमका कुठे ते माहीत नाही. पट्टीच्या मध्यापासून थोडं बाजूला, समजा उजव्या टोकापासून ३५ सेंटिमीटरवर, बटण ठेवा. टक्कर होण्याची शक्यता: १२.७ भागिले १०००, म्हणजे १.३ टक्के.

आता नवी निरीक्षणं आली, मोजमाप सुधारलं. दोन्ही टोकांकडून ३० सेंटिमीटर कापा. पट्टी उरली ४० सेंटिमीटरची आणि बटण अजून तिच्यावर आहे. शक्यता ३.२ टक्के. लघुग्रहाने वाट बदललेली नाही, पृथ्वीही हललेली नाही. फक्त आपलं अज्ञान कमी झालं आणि उरलेल्या जागेत बटणाचा वाटा मोठा झाला. आणखी १० सेंटिमीटर दोन्हीकडून कापा. बटण पट्टीच्या बाहेर पडलं: शून्य. वायआर४ च्या बाबतीत हेच झालं. प्रत्यक्षात पट्टीच्या मध्यावर शक्यता दाट आणि टोकांना विरळ असते, पण मुद्दा तोच.

म्हणून ‘शक्यता दुप्पट झाली’ ही बातमी एकटी वाचून उपयोग नाही. सोबत पट्टी किती आखडली तेही बघावं लागतं. बटण बाहेर पडायच्या आधी आकडा वाढतोच. खरी काळजी तेव्हा करायची, जेव्हा महिनोन्‌महिने निरीक्षणं होऊनही तो खाली येत नाही.

आकाराच्या आकड्यावर किती विसंबायचं

दुर्बिणीला आकार दिसत नाही, उजेड दिसतो. काळपट मोठा दगड आणि उजळ छोटा दगड सारखाच उजेड परतवतात. यादीत ‘एच’ म्हणून जो आकडा असतो, तो या उजेडाचा. एच २२ म्हणजे साधारण १४० मीटर, आणि एच पाचने वाढला की व्यास दहापट कमी: एच २७ म्हणजे १४ मीटर. पण एच २४ चा दगड उजळ असेल तर ४२ मीटरचा, काळा असेल तर ९४ मीटरचा. व्यास दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते, त्यामुळे या दोन टोकांत ऊर्जेचा फरक अकरापट पडतो. अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीने वायआर४ ची उष्णता मोजली तेव्हा कुठे ‘४० ते ९०’ चा आकडा ६० मीटरच्या आसपास स्थिरावला.

मापाची कल्पना यावी म्हणून: १९०८ मध्ये रशियात सायबेरियातल्या तुंगुस्कात २००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं करणारा दगड ५०-६० मीटरचा होता असं मानतात. डायनासोर संपवणारा दहा किलोमीटरच्या आसपासचा. एक किलोमीटरहून मोठे असे जवळपास सगळे सापडलेले आहेत आणि पुढच्या शंभर वर्षांत त्यांतला कुणी आदळत नाही. १४० मीटरच्या वरचे मात्र अजून निम्मेही सापडलेले नाहीत, आणि जीव तोडून शोध चालू ठेवायला हवा तो याच मापाचा. कारण वेळेत सापडला तर ढकलता येतो: २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने १६० मीटरच्या डायमॉर्फस या लघुग्रहाला धडक दिली आणि तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो त्याच्याभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी केली. त्यासाठी वर्षं हातात लागतात, आठवडे नव्हे.

लखलखाट झाला तर

आपल्या हयातीत, आणि कदाचित काहीच सूचना न मिळता, येऊ शकतो तो वीस मीटरचा. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियात चेल्याबिन्स्कवर असाच आला. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कुणालाच दिसला नव्हता. तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. सुमारे १५०० माणसं जखमी झाली आणि त्यांतली बहुतेक काचांनी. उजेड क्षणात पोचतो, आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद लागतात. लोक काय झालं ते बघायला खिडकीशी गेले आणि दीड ते अडीच मिनिटांनी दाबाची लाट काचा घेऊन आत आली.

तेव्हा आकाशात सूर्यासारखा झगमगाट दिसला तर:

१. त्याच्याकडे बघत राहू नका. लगेच खिडकीकडे पाठ करा.
२. काच नसलेल्या भिंतीआड जा. फ्लॅटमध्ये पॅसेज किंवा बाथरूम बरं, बाल्कनीचे सरकते काचेचे दरवाजे असलेला हॉल सगळ्यांत वाईट. ऑफिसात टेबलाखाली.
३. मान आणि डोकं हातांनी झाका. पाच मिनिटं तिथेच थांबा. पहिल्या धडाक्यानंतर आणखी धडाके येतात, म्हणून लगेच उठू नका.
४. रस्त्यावर असाल तर काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारतींपासून दूर व्हा.
५. नंतर आधी पायात चप्पल, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

सगळाच उजेड लघुग्रहाचा नसतो. उल्का काही सेकंदांत संपते. मिनिटभर किंवा जास्त वेळ, आडवी, संथ सरकणारी आणि अनेक तुकड्यांची रांग दिसली तर तो बहुधा रॉकेटचा अवशेष. २ एप्रिल २०२२ च्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलं ते हेच. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत त्यातली मोठी धातूची रिंग पडली. अशा तुकड्याला हात लावू नका. आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवा.

दगड सापडला तर तो अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, आहे का, हे बघायच्या खुणा: वर काळी, पातळ साल, आत फिकट रंग, आकाराच्या मानाने जड, आणि बुडबुड्यांची छिद्रं नाहीत. छिद्रं दिसली तर तो दख्खनचा बेसाल्ट (आपला नेहमीचा काळा खडक) किंवा भट्टीतली धातूची मळी (स्लॅग). ताकदीचा चुंबक घासू नका, त्याने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. पाण्याने धुऊही नका. जागेवरच फोटो काढा, तारीख, वेळ आणि मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश लिहून ठेवा, दगड स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनींचा वर्षाव झाला, तेव्हाही तुकडे याच संस्थेने गोळा केले होते.