वर्गणीच्या पावत्या आणि पायथन: आकड्यांचे पट्टे कसे सांभाळाल?

लालबाग-परळच्या मंडळांत विसर्जन आटोपलं की खजिनदाराचं काम सुरू होतं. निम्मी पावतीपुस्तकं परत आलेली, कोणी गावाला गेलेला, कोणी अर्धंच पुस्तक जमा केलेलं. बाहेर कोणत्या क्रमांकाच्या पावत्या राहिल्या? एक्सेलमध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने करून डोळ्यांनी शोधता येतं, पण दोन नोंदी एकमेकींवर चढल्या की डोळे दगा देतात. कोडमध्ये 'इफ'वर 'इफ' (एकावर एक अटी) रचणाऱ्यांचंही तेच होतं.

पायथनमध्ये यासाठी 'पोर्शन' नावाची छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे (पूर्वीचं नाव पायथन-इंटरव्हल्स). 'पिप'ने (पायथनच्या लायब्ररी बसवण्याच्या साधनाने) ती बसवा आणि 'पी' या नावाने आयात करा. खाली नावं देवनागरीत दिली आहेत; कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

समजा 50-50 पावत्यांची 12 पुस्तकं छापली, म्हणजे क्रमांक 1 ते 600. हा पट्टा असा लिहा:

छापील = पी.क्लोज्डओपन(1, 601)

601 का? इथे जरा थांबा, कारण गोंधळ होतो तो इथेच. 'क्लोज्डओपन' पट्ट्यात पहिला आकडा धरतात, शेवटचा धरत नाहीत. दोन्ही टोकं धरणाऱ्या 'क्लोज्ड'ने 1 ते 50 आणि 51 ते 100 असे दोन पट्टे केलेत, तर पोर्शन ते जोडत नाही. तिच्या लेखी 50 आणि 51 यांच्यामध्ये 50.5 आहे! पावती क्रमांक साडेपन्नास आपल्याकडे नसतो, पण लायब्ररीला ते कुठून कळणार? 1 ते 51 आणि 51 ते 101 असं अर्धं उघडं लिहिलं की दोन्ही आपोआप एक होतात. शिवाय शेवटातून सुरुवात वजा केली की थेट पावत्यांची संख्या मिळते.

आता एकेक पुस्तक जमा होईल तसं 'जमा' नावाच्या पट्ट्यात उभ्या रेघेने (|) मिसळत जा. उरलेल्या पावत्या म्हणजे सरळ वजाबाकी:

बाकी = छापील - जमा

पहिली 4 पुस्तकं, 6 ते 9 आणि 11 वं आलं असेल, तर 'बाकी'त 201–251, 451–501 आणि 551–601 हे तीन तुकडे दिसतील. त्यावर 'लेन' लावलंत तर उत्तर 3 येईल, 150 नाही. 'लेन' तुकडे मोजते. पावत्या मोजायच्या तर प्रत्येक तुकड्याचं 'अपर' (शेवट) वजा 'लोअर' (सुरुवात) करून बेरीज घ्या.

एखादी पावती रद्द झाली, समजा 37 क्रमांकाची, तर 'सिंगलटन' (एकाच आकड्याचा पट्टा) वापरायचा मोह होईल. नको. त्याने पुढचा तुकडा 'उघडा 37'पासून सुरू होतो आणि वरची बेरीज एकाने चुकते. तीही 37 ते 38 अशीच वजा करा.

कोणाकडे कोणतं पुस्तक आहे, हे 'इंटरव्हलडिक्ट'मध्ये ठेवा. किल्लीच्या जागी पट्टा आणि किंमत म्हणून कार्यकर्त्याचं नाव. मग 'गेट'ला 237 दिलंत की नाव हजर. मात्र नवा पट्टा जुन्यावर चढला तर ही डिक्शनरी तक्रार करत नाही, जुनं नाव गुपचूप पुसते. एकच पुस्तक दोघांच्या नावावर लागलं, तर भांडण कोडमध्ये नाही, मंडळाच्या ऑफिसात होतं. म्हणून नोंद करण्याआधी 'डोमेन' (आधी नोंदलेले सगळे पट्टे) काढून नवा पट्टा त्यावर चढतो का, हे 'ओव्हरलॅप्स'ने तपासा. उत्तर 'ट्रू' (हो) आलं तर नोंद थांबवा.

'बाकी'सारखे पट्टे फाईलमध्ये साठवण्याजोगे करायला 'टू_डेटा' आहे, परत वाचायला 'फ्रॉम_डेटा'.

जावा वापरणाऱ्यांना गुगलच्या ग्वावा या लायब्ररीमध्ये अशाच पट्ट्यांसाठी 'ट्रीरेंजसेट' मिळतो. तिथेही 1–50 आणि 51–100 हे बंद पट्टे आपणहून जुळत नाहीत, तेव्हा 601 ची सवय तिकडेही ठेवा.